सायलीचा समुद्र

सरळ सांगते, मला ती मुलगी आवडायची नाही. तिनं माझं काय वाईट केलं होतं? काही नाही. फोन केला की "जयभीम, वहिनी" म्हणायची, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि मग "सरांना देता का जरा?" म्हणायची. इतक्या चांगल्या वागणाऱ्या माणसाचा राग करणं फार अवघड असतं. मी तो मेहनत घेऊन केला.

आम्ही केडगावला राहायचो. मी नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि माझा नवरा सचिन पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होता. संस्थेचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या अंगाशी यायचं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं तो जायचा, शनिवारी परत यायचा. मधले दिवस तिथं एका भाड्याच्या खोलीत झोपायचा. जागेपणी मात्र तो कॉम्प्युटरच्या खोलीत, आणि त्याच खोलीत ही सायली. सत्तावीस वर्षांची, श्रीरामपूरची, लग्न न झालेली. आता तुम्हीच सांगा.

एम.एस्सी.ला सचिन माझ्याच वर्गात होता. वर्गात पहिली मी यायचे, तो नाही. परीक्षेच्या आधी मी त्याला समोर बसवून गणितं सोडवून दाखवायचे, आणि त्यातूनच आमचं जमलं. म्हणून एकट्यात मी त्याला अरे-तुरे करते आणि सासूबाईंसमोर अहो-जाहो. लग्न झालं तेव्हा मला नोकरी लागलेली होती, त्याला नव्हती. मग संशोधन त्यानं करायचं आणि पगार मी आणायचा, असं झालं. ते कुणी बसून ठरवलं नव्हतं. आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं, कारण दर शनिवारी तो घरी आला की ओट्यावर चहा घेत मला आठवडाभराचं सगळं सांगायचा, आणि मी त्याच्या चुका काढायचे. निम्मं काम मीच केल्यासारखं वाटायचं.

काम समुद्राचं होतं. केडगावात बसून समुद्र, म्हणून सासूबाई हसायच्या. "बोअरला पानी न्हाई आन् ह्याचा समुद्र चाललाय," म्हणायच्या. पण खरा समुद्र नव्हताच तो. कॉम्प्युटरमध्ये आकड्यांनी तयार केलेला समुद्र, वर आकड्यांचीच हवा. विषुववृत्ताकडचं गरम पाणी वरून उत्तरेला जातं, तिथं थंड होऊन खाली बुडतं आणि तळातून परत फिरतं. हा फेरा कधी जोरात चालतो, कधी मंद होतो. प्रश्न असा की तो आपला आपण किती कमी-जास्त होतो? म्हणून आकड्यांच्या त्या जगात सूर्य तोच ठेवायचा, हवेतला धूर तेवढाच ठेवायचा, ज्वालामुखी नाही, कारखाने नाहीत. बाहेरून कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. आणि मग शेकडो वर्षं तो समुद्र चालवून बघायचा. त्या वर्षांत जगभर वाद पेटला होता, की पृथ्वी तापतेय ती माणसाच्या धुरामुळं की समुद्राच्या अंगच्या चढ-उतारामुळं. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हा अंगचा चढ-उतार किती ते कळायला हवं. मला हे सगळं फार आवडायचं. वर्गात पोरांना घर्षणाचे नियम शिकवताना डोक्याच्या मागच्या बाजूला तो समुद्र चालू असायचा.

आणि मग सायली आली.

आधी मी म्हणायचे, "अरे, वाऱ्याचं काय केलंत?" आणि तो कपाळाला हात लावून "खरंच की" म्हणायचा. आता मी म्हणाले, "वाऱ्याचं काय केलंत?" तर तो म्हणाला, "सायलीनं ते बुधवारीच काढलं." पुढच्या शनिवारी खारटपणाबद्दल विचारलं. सायलीनं तेही काढलं होतं. त्यानंतरच्या शनिवारी मी काही विचारलंच नाही, तर त्यालाही त्याचं काही वाटलं नाही! चहा प्यायला आणि पेपर वाचत बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय गं, तोंड का असं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"काई न्हाई म्हनतीस आन् भांडी आदळतीस."

मग मी नियमच करून टाकला. शनिवारी पाचच्या आत सचिन केडगावच्या घरात पाहिजे. पाच मिनिटं उशीर झाला तर रविवार संपेपर्यंत मी बोलणार नाही. मी एकदा करूनही दाखवलं. बिचाऱ्यानं रविवारभर सासूबाईंकडून निरोप पाठवले. शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला, तो निघतोय ना ते बघायला, मी कॉलेजच्या ऑफिसातून त्या कॉम्प्युटरच्या खोलीला फोनही लावायचे. तो नंबर मला तोंडपाठ होता. सायलीनं उचलला तर ठेवून द्यायचे. तिला कळत असणारच कोण ते, पण कधी बोलली नाही. त्याचाही मला राग यायचा.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात बातमी आली. त्यांच्या समुद्रात चाळीस वर्षांचा हेलकावा सापडला होता. फेरा वाढत जातो, मग मंदावतो, आणि दर चाळीस वर्षांनी पुन्हा तसाच. बाहेरून काहीही न करता! सचिन दारातूनच ओरडत आला. "भारती, चाळीस वर्षं! एकदम स्वच्छ! सायलीनं वक्र काढला तेव्हा आम्ही दोघं उभेच राहिलो!"

आम्ही दोघं. बरं.

"आणि जर्मनीहून बोलावणं आलंय," तो म्हणाला. "हॅम्बुर्ग. सहा महिने. त्यांच्या मोठ्या मशीनवर हेच परत करून बघायचं. पुढच्या महिन्यात आमच्या वार्षिक बैठकीत सायली मांडणी करेल, तिथं पसंत पडलं की झालंच."

"कोण कोण जाणार?"

"मी आणि सायली."

सासूबाई आतून म्हणाल्या, "जर्मनीत लई थंडी असती म्हनं. सोटर घे." सहा महिने ती दोघं, तो समुद्र आणि बर्फ. आणि मी इथं घर्षणाचे नियम शिकवणार. त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. हे जर्मनीला जाणं झालं नाही पाहिजे. बस्स.

सचिन संस्थेतून वाया गेलेला कागद घरी आणायचा. दोन्ही कडांना भोकं असलेला, पट्ट्यासारखा लांब कॉम्प्युटरचा कागद. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी कॉलेजच्या प्रश्नपत्रिकेची गणितं कच्ची सोडवायचे. छापील बाजूवर त्यांच्या समुद्राचेच आलेख असायचे. एका ओळीत एक वर्ष, आणि त्या ओळीत एक चांदणी. फेरा जोरात असेल तर चांदणी उजवीकडे, मंद असेल तर डावीकडे. वरून खाली बघितलं की चांदण्यांची वाकडीतिकडी वाट दिसायची. हे कच्चे आलेख कुणी बघत नसे. सायली दहा-दहा वर्षांची सरासरी काढून गुळगुळीत वक्र करायची आणि मग सगळे त्याच्याकडे बघत उभे राहायचे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी असेच दोन कागद फाडून घेतले. शाई मागच्या बाजूला उमटलीय का ते बघायला खिडकीला धरले, एकावर एक. आणि चांदणीवर चांदणी बसली.

एक नाही, सगळ्या. वरपासून खालपर्यंत. मधल्या एका वर्षी वाट मुद्दाम काढल्यासारखी डावीकडे जाऊन परत आली होती, ती दोन्हींत. मी कागदांचे क्रमांक बघितले. वेगवेगळे. एक एका चाळीस वर्षांचा, दुसरा त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचा. गठ्ठ्यातून तिसरा शोधला. तोही बसला. हेलकावा असा नसतो हो! लंबकसुद्धा प्रत्येक झोक्याला थोडा वेगळा जातो. समुद्र कसला चाळीस वर्षं तीच तीच चांदणी गिरवतोय? हा पुढचा काळ नव्हताच. त्याच चाळीस वर्षांतून मशीन पुन्हा पुन्हा गेलं होतं.

कसं झालं असेल तेही मला लगेच कळलं. हे मशीन सलग चालायचं नाही. एका आठवड्यात समुद्राची चाळीस वर्षं व्हायची आणि काम थांबायचं. थांबताना समुद्र जसा असेल तसा सगळाच्या सगळा एका फाइलमध्ये साठवला जायचा. ती रिस्टार्ट फाइल. पुढच्या आठवड्याचं काम लावताना त्या नव्या फाइलचं नाव द्यायचं, म्हणजे जिथं थांबलो तिथून पुढं. जुनंच नाव राहिलं तर मशीन निमूटपणे जुन्या जागेवरून निघणार. आणि बाहेरून काही ढकलणारं नसल्यानं तंतोतंत त्याच वाटेनं जाणार. दोन कामांच्या सांध्यावर आकडा एकदम उडी मारणार, पण सायलीच्या सरासरीत ती उडी पुसली जाणार. ज्याचा त्यांना एवढा अभिमान, तो हेलकावा म्हणजे एक न बदललेलं नाव!

सचिन तेव्हा मोरीत दाढी करत होता. दहा पावलांवर. हाक मारून सांगायचं, एवढंच होतं. मी कागद घडी घालून कॉलेजच्या पिशवीत ठेवले.

का? कारण मशीनवर काम, म्हणजे रन, लावणारी सायली होती. "सायलीनं रन लावला, सायलीनं रन लावला," हे मी आठ महिने ऐकत होते. मग चूकही सायलीची. घरात सांगितलं असतं तर सोमवारी सचिननं तिच्या कानात सांगितलं असतं, दोघांनी बसून गुपचूप दुरुस्त केलं असतं, आणि पुन्हा "आम्ही दोघं". ते मला नको होतं. मला ती सगळ्यांसमोर उभी असताना हवी होती.

वार्षिक बैठकीला आसपासच्या कॉलेजांतल्या शिक्षकांनाही आमंत्रण असायचं. मी कधी गेले नव्हते. या वेळी प्राचार्यांना सांगून माझं नाव दिलं. सचिनला केवढा आनंद! "बरं झालं, तू ऐकच तिचं," म्हणाला. जाण्याआधी मी नगरला झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि त्या दोन कागदांच्या ट्रान्सपरन्सी करून घेतल्या. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवतात ते पारदर्शक कागद. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "मॅडम, रांगोळीचं डिझाइन का?" मी हो म्हणाले.

बैठक शनिवारी सकाळी होती. सायलीला मी पहिल्यांदाच नीट बघत होते. साधा सुती ड्रेस, वेणी, एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. दिसायला ठीक. मी मनात तयारी करून गेले होते तेवढी काही सुंदर नव्हती, आणि त्याचीच मला अजून चीड आली. म्हणजे नुसत्या बुद्धीवरच चाललं होतं तर!

आणि बोलली किती छान. कागद न बघता. समुद्राबद्दल बोलताना तिचे हात आपोआप फिरत होते, वरून उत्तरेकडे, खाली, परत. शेवटी पडद्यावर तो गुळगुळीत वक्र आला, वर खाली, वर खाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. संचालक दहातोंडे सर, आमच्याच नेवाशाकडचे, खुशीत होते. "कुणाला प्रश्न?" त्यांनी विचारलं.

मी उठले. सचिन वळून हसला. त्याला वाटलं मी काहीतरी कौतुकाचं विचारणार.

"प्रश्न नाही," मी म्हणाले. "दोन आलेख दाखवायचेत." सरळ पुढे गेले, पहिली ट्रान्सपरन्सी ओव्हरहेडवर ठेवली. "ही तिसरी चाळीस वर्षं." मग तिच्यावर दुसरी ठेवली. "ही चौथी." पडद्यावर चांदण्यांची एकच वाट दिसत राहिली. दुसरी ठेवली हे सांगितल्याशिवाय कळलंही नसतं. मागं कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं.

सायली पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती जवळ आली, माझ्या हाताखालची वरची ट्रान्सपरन्सी जरा सरकवली, परत बसवली, आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "रिस्टार्ट फाइल." मग लोकांकडे वळली. "मॅडमचं बरोबर आहे. रन माझे आहेत, चूक माझी आहे. हा हेलकावा खरा नाही. मी परत लावते."

दहातोंडे सरांनी चष्मा काढून पुसला. "मग जर्मनीचं आता थांबवावं लागेल," ते म्हणाले.

मला काय वाटलं म्हणता? आनंद झाला. खोटं कशाला बोलू. जेवणात पुरी-श्रीखंड होतं, मी दोनदा घेतलं. नगरच्या कॉलेजातली बाई कोण, म्हणून लोक येऊन बोलून जात होते. सचिनचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं. मला वाटलं, जर्मनी गेली म्हणून. सायली जेवायलाही आली नाही. म्हटलं, बरं झालं, रडत असेल कुठंतरी.

दोनच्या एसटीनं आम्ही निघालो. शिक्रापूरपर्यंत सचिन खिडकीतून बाहेर बघत होता. मी म्हटलं, "राग आलाय?"

"नाही."

"मग? घरी सांगायला हवं होतं म्हणतोस?"

रांजणगाव मागं पडलं तेव्हा तो माझ्याकडे वळला. "भारती, ते रन तिनं नव्हते लावले."

"मग कुणी?"

"मी. उन्हाळ्यापर्यंत तीच लावायची, मग काम शनिवारी दुपारी संपायला लागलं. पुढचं लावायला माझी पाळी असायची. आणि मला गाडी पकडायची असायची." तो हळूच बोलत होता, पुढच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. "पावसाळ्याच्या सुरुवातीला सलग तीन शनिवार मी नुसती मागचीच आज्ञा परत दिली असणार. नाव न बदलता. घड्याळ बघत होतो. तू ट्रान्सपरन्सी ठेवलीस तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला."

आता, तो कुणासाठी पळत होता हे मला कळत नव्हतं असं नाही. कळलं. पण आधी दुसरंच झोंबलं.

"आणि ती उभी राहून माझी चूक म्हणाली?"

"हो."

"तिला माहीत होतं?"

"शनिवारी मी लावतो हे तिला माहीतच आहे."

"आणि तू बसून राहिलास?"

"भारती, मार्चमध्ये माझ्या नेमणुकीची मुदत संपतेय. दहातोंडे सरांना कळलं तर ती वाढणार नाही. ती कायम नोकरीत आहे, तिला काही होणार नाही. मी बोलणारच होतो, पण ती इतक्या पटकन..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ महिने मी हिच्यावर जळत होते ते नुसत्या शंकेवर. आता तर तिनं भर सभेत, माझ्यासमोर, माझ्या नवऱ्याचं अंगावर घेतलं! बायको त्याला पाडायला उभी राहिली, आणि ती वाचवायला. कुणी कुणासाठी असं करतं? आणि हा मुकाट बसला, म्हणजे हिनं आपल्यासाठी करावं हे त्याला चालत होतं. उद्या सासूबाईंना कळलं तर त्याही म्हणतील, गुणाची पोर हाय. आयुष्यभर आमच्या घरात तिचं हे उपकाराचं गाठोडं पडून राहणार.

"खरं सांग, तुमच्यात काय आहे?"

"वेडी आहेस का?"

"मग तिनं का केलं?"

"मला नाही माहीत," सचिन म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. म्हणजे त्यालाही काहीतरी वाटलं होतं तर. बरंही वाटलं होतं. ते कान मी बघितले नसते तर कदाचित घरापर्यंत गप्प बसले असते.

शिरूरला गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, चहा घ्यायचा तर घ्या. मी पिशवी उचलली.

"कुठं चाललीस?"

"फोन करायला. दहातोंडे सरांना सांगते, चूक सचिनची आहे म्हणून."

"भारती, नोकरी जाईल माझी! ऐक तरी!"

"जाऊ दे. माझ्या पगारात भागलंय आजवर, पुढंही भागेल. तिचे उपकार मला नकोत."

तो माझ्या मागं उतरला, पण स्टँडवर चार लोकांत बायकोचा हात धरायची त्याची हिंमत नव्हती. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात मी शिरले आणि दार ओढून घेतलं. दहातोंडे सरांचा नंबर माझ्याकडे नव्हताच. मला एकच नंबर पाठ होता. तोच फिरवला.

"हॅलो," सायली म्हणाली. मागं मशीनची घरघर.

या वेळी मी ठेवला नाही. "भारती बोलतेय. ती चूक सचिनची आहे, मला कळलंय. मला दहातोंडे सरांशी बोलायचंय. तू त्याच्यासाठी खोटं बोलायची गरज नाही."

"खोटं?" तिला खरंच कळलं नाही असं वाटलं. "अहो मॅडम, दहातोंडे सरांना मी सांगितलं की. तुम्ही जेवत होतात तेव्हाच. शनिवारचे रन सचिनसर लावायचे म्हणून. पण त्यांनी लावले तरी तपासायचे मी ना? सरासरी काढून सांधे मीच पुसले."

"मग सभेत का नाही सांगितलंस?"

"सभेत सांगितलं असतं तर कुणी केलं, कसं केलं, यातच दुपार गेली असती. दीडला मशीन मोकळं होणार होतं, मला लगेच लावायचं होतं. लावलंसुद्धा."

काचेबाहेर सचिन हातवारे करत होता. मीटरचे लाल आकडे पळत होते.

"आणि नोकरी? त्याची मुदत?"

"ती वाढेल. रन मात्र त्यांना लावायला देऊ नका असं मी सरांना सांगितलंय, लिखाणाचं काम द्या म्हटलं. त्यांचं लक्ष नसतं हो." मग तिचा आवाज बदलला. सभेत समुद्राबद्दल बोलताना होता तसा झाला. "मॅडम, ते जाऊ द्या. ऐका ना. दुबार झालेली वर्षं मी काढून टाकली. जी खरी राहिली ना, त्यात अजून काहीतरी आहे. चाळीसचं नाही. खूप सावकाश. एकदा साठेक वर्षांत फिरतं, मग शंभराच्या आसपास. कुणी काही केलेलं नाही आणि तरी ते वळतंय. मला कुणाला दाखवावं कळत नाहीये. इथं पावसाळाभर आम्ही सगळे बघत होतो आणि कुणाला दिसलं नाही. तुम्हाला घरी बसून दिसलं. पुढच्या शनिवारी याल? कच्चे आकडे सगळे काढून ठेवते. गुळगुळीत न करता."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. जयभीम म्हणायचंही राहून गेलं.

गाडीत बसल्यावर सचिननं पहिलं काय विचारलं असेल? "माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"दहातोंडे सरांना तिनं आधीच सांगितलंय. नोकरी जात नाही तुझी."

"आणि?"

"तुला मशीनला हात लावू द्यायचा नाही म्हणाली. लक्ष नसतं म्हणे तुझं."

त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी वेगळे. गाडी शिरूरच्या पुलावरून गेली. मग म्हणाला, "इतका वेळ तेवढंच बोलत होतात?"

"नाही. मला बोलावलंय. पुढच्या शनिवारी. नवे आकडे बघायला."

"तुला?"

"मला."

"मला तर तिनं दाखवले नाहीत," तो म्हणाला. "काय आहे त्यात? तुला काय सांगितलं तिनं? मला सांग ना." सुप्यापर्यंत त्यानं तीनदा विचारलं. सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काहीतरी लपवतेय अशा नजरेनं. ते तोंड मला चांगलं ओळखीचं होतं. एरवी मी खूश झाले असते.

पण माझं लक्षच नव्हतं त्याच्याकडे. तो आणि सायली एका खोलीत बसोत की सहा महिने जर्मनीत राहोत, मला काही वाटेनासं झालं होतं. मी वेगळ्याच गोष्टीनं जळत होते, आणि इतकी तर आठ महिन्यांत कधी जळले नव्हते. दीड वाजल्यापासून तिकडं मशीन चालू होतं. साठ वर्षांनी वळणारं आणि शंभर वर्षांनी वळणारं ते पाणी सायलीच्या समोर एकेक वर्ष पुढं सरकत होतं, ती ते बघत होती, आणि मी माझ्या नवऱ्याशेजारी एसटीत बसून केडगावला चालले होते.